टेक्सासमध्ये चांगलं ब्रिस्केट शोधायचं कसं: नवख्यांसाठी पायरीपायरीने

ऑस्टिन, डॅलस किंवा ह्यूस्टनला नोकरी-शिक्षणासाठी नव्याने आलेल्या आणि बीफ खाणाऱ्या माणसाला पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत कोणीतरी बार्बेक्यू खायला नेतंच. बहुतेक वेळा नेतात ते हायवेलगतच्या एखाद्या चेनमध्ये, तेही रविवारी रात्री आठला. समोर येतात ब्रिस्केटच्या, म्हणजे लाकडाच्या धुरावर मंद शिजवलेल्या बीफच्या, कडा वाळलेल्या करड्या चकत्या आणि वरून ओतलेला गोड सॉस. खाणारा मनाशी ठरवून टाकतो की या पदार्थाचं उगाच स्तोम माजवलंय. जाणकार दुकानात शनिवारी सकाळी अकराला तोच पदार्थ खाल्ला असता, तर मत वेगळं झालं असतं. म्हणून दुकान शोधणं आणि वेळ साधणं ही दोन्ही कामं एकत्रच करावी लागतात.

वसईहून, गोव्याहून किंवा मुंबई-पुण्याहून आलेल्यांना एक गोष्ट आधीच सांगायला हवी. इथे मसाला नसतो. आलं-लसूण नाही, व्हिनेगर नाही, रात्रभर मुरवणं नाही. मध्य टेक्सासच्या पद्धतीत जाडं मीठ आणि भरड मिरी एवढंच लावतात. बाकीची चव लाकडाच्या धुरातून, चरबीतून आणि वेळेतून येते. शिवाय महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे तिथे बीफ म्हणून मिळतं ते म्हशीचं. त्यात धाग्यांच्या मधली चरबी फार कमी असते. टेक्सासमधल्या मांसात ती भरपूर असते आणि सगळा खेळ त्याच चरबीवर चालतो. पहिल्यांदा ती जड वाटली तरी प्रत्येक चकतीवरून काढून टाकू नका.

आधी चोवीस तासांचा हिशेब समजून घ्या

ब्रिस्केट म्हणजे जनावराच्या छातीचं मांस. चालता-उभं राहताना जनावराचा बराच भार या स्नायूंवर पडतो, म्हणून ते चिवट आणि कोलॅजनने भरलेले असतात. अख्खा तुकडा साधारण १२ ते १६ पौंडांचा, म्हणजे साडेपाच ते सात किलोंचा. त्यात दोन स्नायू एकावर एक बसलेले असतात. चपटा आणि कमी चरबीचा तो फ्लॅट, दुकानात त्याला लीन म्हणतात. जाड आणि चरबीदार तो पॉइंट, त्याला फॅटी किंवा मॉइस्ट म्हणतात. दोन्हींच्या मध्ये चरबीचा एक पदर असतो.

वरची चरबी छाटून पाव इंचाचा थर ठेवतात, मीठ-मिरी लावतात आणि तुकडा स्मोकरमध्ये ठेवतात. आग एका टोकाला, मांस दुसऱ्या टोकाला, आणि मधून गरम धूर वाहतो. तापमान साधारण २५० ते २७५ अंश फॅरनहाइट, म्हणजे १२० ते १३५ सेल्सिअस. सुरुवातीचे काही तास मांस नीट तापत जातं. मग आतलं तापमान १५० ते १७० फॅरनहाइटच्या दरम्यान कुठेतरी पोचतं आणि तासन् तास तिथेच अडकतं. कारण मांसाच्या अंगावरचा ओलावा वाफ होऊन उडत राहतो आणि माठातलं पाणी गार राहतं तसं मांस थंड राहतं. याला इथे स्टॉल म्हणतात. बहुतेक दुकानं या टप्प्यावर, वरचा काळा थर पक्का झाला की, तुकडा खाकी रंगाच्या बुचर पेपरमध्ये गुंडाळतात. शेवटी आतलं तापमान २०० च्या आसपास जातं, कोलॅजन विरघळून जिलेटिन होतं, आणि सळई लोण्यात शिरल्यासारखी आत शिरते.

एवढ्याने काम संपत नाही. आगीवरून काढलेलं ब्रिस्केट लगेच कापलं तर रस फळीवर वाहून जातो. म्हणून ते १४० ते १५० फॅरनहाइटच्या गरम कपाटात कित्येक तास विसावतं. शिजायला १० ते १४ तास आणि विसाव्याला त्याहून थोडं कमी, कधी तेवढंच. म्हणजे तुम्ही शनिवारी दुपारी जे खाता ते शुक्रवारी चढवलेलं असतं. दुकानदाराला आज किती तुकडे लागतील हे काल ठरवावं लागतं, आणि कमी पडले तर त्याच दिवशी नवे करता येत नाहीत.

हा हिशेब डोक्यात पक्का असला की बाकीच्या गोष्टी आपोआप उलगडतात. दुपारी दोनला दारावर 'संपलं' अशी पाटी लागते ती मिजास म्हणून नाही. उलट जिथे रोज रात्री दहापर्यंत ब्रिस्केट हमखास मिळतं, तिथे एकतर दिवसातून अनेक पाळ्यांत तुकडे उतरवले जातात किंवा कालचं गरम करून वाढलं जातं. पहिला प्रकार मोठ्या, गर्दीच्या दुकानांनाच जमतो. ऑस्टिनचं टेरी ब्लॅक्स त्यातलं एक. दुसरा प्रकार फार जास्त आढळतो. किमतीचं कोडंही इथेच सुटतं. छाटणी आणि शिजण्यात मिळून तुकड्याचं जवळपास निम्मं वजन जातं, त्यामुळे नामांकित दुकानात शिजलेल्या ब्रिस्केटचा भाव पौंडाला तीस डॉलरच्या वर असतो.

यादी करा, आणि ती शैलीनुसार करा

टेक्सास मंथली हे मासिक दर चार वर्षांनी राज्यातल्या पन्नास उत्तम बार्बेक्यू दुकानांची यादी काढतं. २०१३, २०१७, २०२१ आणि २०२५ च्या याद्या आहेत. २०१३ पासून या मासिकात बार्बेक्यूसाठी स्वतंत्र संपादक आहे, म्हणजे माणसं खरोखर राज्यभर फिरून, खाऊन लिहितात. नवख्याने सुरुवात याच यादीपासून करावी. नोव्हेंबर २०२४ मध्ये मिशेलिन गाइड, म्हणजे रेस्टॉरंटांना तारे देणारी प्रसिद्ध मार्गदर्शिका, पहिल्यांदा टेक्सासमध्ये आलं तेव्हा चार बार्बेक्यू दुकानांना तारा मिळाला: ऑस्टिनची ला बार्बेक्यू, इंटरस्टेलर आणि लेरॉय अँड लुइस, आणि ह्यूस्टनच्या उत्तरेला स्प्रिंगमधलं कॉर्कस्क्रू. फ्रँकलिन बार्बेक्यूचं नाव तर सगळ्यांनी ऐकलेलं असतं. २००९ मध्ये एका ट्रेलरमधून ते सुरू झालं आणि त्याचे मालक अ‍ॅरन फ्रँकलिन यांना २०१५ मध्ये जेम्स बिअर्ड हा अमेरिकेतल्या शेफ मंडळींचा मानाचा पुरस्कार मिळाला. पण पहिल्याच वेळी तिथल्या कित्येक तासांच्या रांगेत उभं राहायची गरज नाही. चव कळायला लागल्यावर जा, पैसे आणि वेळ दोन्ही सार्थकी लागतील.

जुनी दुकानं बघायची असतील तर ऑस्टिनपासून तासाभरात दोन गावं आहेत. दक्षिणेला लॉकहार्ट: तिथे १९०० सालचं क्राइट्स मार्केट, १९३२ पासूनचं ब्लॅक्स, आणि क्राइट्सच्या जुन्या इमारतीत १९९९ पासून चालणारं स्मिटीज. स्मिटीजमध्ये रांगेत उभं असताना पायांशेजारी जमिनीवर ओंडके जळत असतात, उन्हाळ्यात तिथे घाम फुटतो. या भागातली बार्बेक्यूची परंपरा मुख्यतः जर्मन वंशाच्या खाटकांच्या मांसविक्रीतून उभी राहिली. म्हणूनच आजही मांस वजनावर आणि कागदावर मिळतं. ईशान्येला टेलर: तिथलं लुई म्युलर १९४९ पासून आहे. लेक्सिंग्टनचं स्नोज फक्त शनिवारी सकाळी आठला उघडतं. टेक्सास मंथलीने २००८ आणि २०१७ मध्ये त्याला पहिलं स्थान दिलं होतं. डॅलस-फोर्ट वर्थकडे राहणाऱ्यांनी गोल्डीज नोंदवून ठेवावं, २०२१ च्या यादीत ते पहिलं होतं.

इथे एक सावधगिरी बाळगा. टेक्सासमध्ये बार्बेक्यू एकच नाही. लॅनो गावाच्या आसपास मेस्कीट नावाच्या झाडाच्या निखाऱ्यांवर थेट भाजतात, त्यामुळे चव करपट आणि धुराची धार कमी असते. राज्याच्या पूर्व भागात हिकरीचं लाकूड, बारीक चिरलेलं मांस आणि सॉस असा मामला असतो. अगदी दक्षिणेला, मेक्सिकोच्या सीमेवर, गाईचं अख्खं डोकं रात्रभर शिजवून बार्बाकोआ करतात आणि ते टॉर्टियात खातात. ब्राउन्सव्हिलचं व्हेराज हे काम अजून जमिनीतल्या खड्ड्यात मेस्कीटवर करतं. मध्य टेक्सासच्या कसोट्या लावून या दुकानांना नापास करू नका. पुढच्या सगळ्या पायऱ्या मध्य टेक्सासच्या ब्रिस्केटसाठी आहेत.

जवळपासचं अनोळखी दुकान तपासायचं असेल तर ऑनलाइन रिव्ह्यूंमधले तारे मोजत बसू नका. गेल्या महिनाभरात ग्राहकांनी टाकलेले फोटो उघडा आणि फक्त लीन चकत्या बघा. कडेला चकाकी आहे का, चरबी पारदर्शक दिसते की पांढरी, मांसावर आधीच सॉस ओतलाय का. मग मेन्यू वाचा. भाव पौंडावर दिलेत, लीन की फॅटी असा पर्याय आहे, लाकडाचं नाव लिहिलंय, पदार्थ मोजके आहेत, वेळेपुढे 'संपेपर्यंत' असं लिहिलंय: अशा दुकानाकडे जायला हरकत नाही. बर्गर, पास्ता, विंग्ज आणि ब्रिस्केट एकाच मेन्यूवर असतील तर ब्रिस्केटकडे कोणाचं लक्ष असेल याचा विचार करा.

वार आणि वेळ

गुरुवार ते शनिवार हे चांगले दिवस. बरीच दुकानं सोमवारी, काही मंगळवारीही बंद असतात, आणि आठवड्याच्या सुरुवातीला कमी तुकडे चढवतात. बीफची मोठी बरगडी बऱ्याच ठिकाणी फक्त शनिवारी किंवा शुक्रवार-शनिवारी मिळते.

वेळ उघडल्यापासूनच्या पहिल्या दोन तासांतली. त्या वेळी विसावलेले तुकडे एकामागून एक फळीवर येत असतात आणि विक्री जोरात असल्यामुळे कापलेलं मांस पडून राहत नाही. ब्रिस्केट खराब होण्याचा सगळ्यात जलद मार्ग म्हणजे कापून ठेवणं. कापलेली लीन चकती उघड्यावर दहा मिनिटांतच कडेने वाळू लागते. दुपारी तीनला रिकाम्या दुकानात गेलात तर अर्धवट कापून ठेवलेला तुकडा तुमच्या नशिबी येण्याची शक्यता जास्त. म्हणून थोडी रांग असलेलं दुकान आमच्या मते रिकाम्या दुकानापेक्षा कधीही बरं.

निघण्याआधी दुकानाचं इन्स्टाग्राम किंवा फेसबुक पान बघा. आज काय संपलं, कधी बंद, हे तिथेच आधी कळतं. रात्रीच खायचं असेल तर फोन करून सरळ विचारा: संध्याकाळसाठी नवे तुकडे किती वाजता निघतात? ज्यांच्याकडे खरंच दुसरी पाळी असते ते वेळ सांगतात.

गाडी लावली की आधी मागच्या बाजूला चक्कर मारा

पुढच्या दारापेक्षा मागचं अंगण जास्त खरं बोलतं. पहिल्यांदा लाकडाचा ढीग शोधा. मध्य टेक्सासमध्ये पोस्ट ओक ही ओकची एक जात वापरतात. ओंडके फाडलेले, टोकांना चिरा पडलेले, करडे झालेले असावेत, म्हणजे ते साधारण वर्षभर वाळलेले असतात. ओलं लाकूड नीट पेटत नाही, घुसमटतं आणि दाट पांढरा धूर सोडतं. ढीगच नाही, किंवा दाराशी शोभेला रचलेल्या ओंडक्यांवर कोळ्यांची जाळी आहेत, तर आत गॅसवर काम चालत असण्याची दाट शक्यता आहे. मोठी स्टीलची पेटी, आत फिरणारे ट्रे आणि गॅसची शेगडी, त्यात नावापुरते एक-दोन ओंडके: अशा यंत्रातलं मांस खराब असतं असं नाही, मऊसुद्धा होतं. पण धुराची चव वरवरची राहते आणि बाहेरचा थर पातळ. यातही एक अपवाद लक्षात ठेवा: ऑयलर नावाचे फिरत्या ट्रेचे स्मोकर फक्त लाकडावर चालतात. त्यामुळे यंत्र दिसलं म्हणून लगेच पाठ फिरवू नका, शेजारी गॅसची नळी आहे का ते बघा.

बऱ्याच नव्या दुकानांत जुन्या प्रोपेन टाक्यांपासून बनवलेले लांबलचक ऑफसेट (आगीची पेटी एका टोकाला असलेले) स्मोकर दिसतील, पाचशे किंवा हजार गॅलनचे. जुन्या दुकानांत विटांचे पिट, म्हणजे भट्ट्या, असतात.

आता धुराड्याकडे बघा. चांगल्या आगीचा धूर जेमतेम दिसतो, पातळ, निळसर, हवेत लगेच विरणारा. नवा ओंडका टाकल्यावर काही मिनिटं पांढरा धूर येणं साहजिक आहे. पण पंधरा-वीस मिनिटं उभं राहूनही धुराड्यातून कापसासारखा दाट, पिवळट-पांढरा धूर ओसंडत असेल, तर आग कोंडलेली आहे. कोंडलेल्या आगीतून निघणारा क्रिओसोट, म्हणजे धुरातला डांबरासारखा चिकट अंश, मांसावर बसतो, आणि ते मांस कडू लागतं आणि जीभ बधिर करतं. नाकालाही विचारा. गोडसर, लाकडाचा, मिरीचा वास हवा. डांबराचा किंवा करपलेल्या तुपकट चरबीचा वास आला तर बेत बदला.

रांगेत असताना नजर कापणाऱ्यावर ठेवा

चांगल्या दुकानात आग सांभाळणाऱ्याच्या बरोबरीचा मान कापणाऱ्याला असतो, कारण बारा तासांची मेहनत तो दोन मिनिटांत वाया घालवू शकतो. काय बघायचं ते असं.

तो तुमच्या समोर, तुमच्या मागणीनुसार कापतो का? ट्रेमध्ये आधीच कापून झाकलेल्या चकत्या उचलून देत असतील तर ही पहिली वाईट खूण.

तो धाग्यांच्या आडवा कापतो का? फ्लॅट आणि पॉइंट यांचे धागे वेगवेगळ्या दिशांना जातात. म्हणून नीट कापणारा माणूस फ्लॅट संपल्यावर तुकडा काटकोनात फिरवतो आणि मग पॉइंट कापायला घेतो. न फिरवता सरळ कापत गेला तर पॉइंटच्या चकत्या दोरीसारख्या लांब धाग्यांच्या येतात, मांस कितीही मऊ शिजलेलं असो.

जाडी किती? लीन साधारण पेन्सिलीएवढी, म्हणजे पाव इंचाच्या आसपास. फॅटी त्याहून थोडी जाड. लीन फारच पातळ कापत असेल तर ते बहुधा चिवट राहिलंय आणि पातळ करून लपवताहेत. फारच जाड कापत असेल तर ते जास्त शिजून भुसभुशीत झालंय, पातळ कापलं तर तुटेल.

कापण्याआधीचा अख्खा तुकडा नजरेस पडला तर त्याचा काळा थर बघा. याला बार्क म्हणतात. तो काळाकुट्ट असला तरी जळलेला नसतो. मिरी, मांसातली प्रथिनं, चरबी आणि धूर यांचा मिळून तो होतो. तो कोरडा, खडबडीत आणि मांसाला घट्ट चिकटलेला हवा. उचलताना सालीसारखा सुटत असेल तर तुकडा फार लवकर गुंडाळला किंवा वाफेत ठेवला होता.

काउंटरवर काय मागायचं

माणशी अर्धा पौंड मांस, सगळे प्रकार धरून, पुरतं. दोघांसाठी: पाव पौंड लीन, पाव पौंड फॅटी, एक सॉसेज, पाव पौंड टर्की किंवा दोन पोर्क रिब, आणि दोन लहान साइड डिश. चौघांसाठी ब्रिस्केट एक पौंड, निम्मं लीन निम्मं फॅटी, दोन सॉसेज आणि एक बीफची बरगडी घेतलीत तरी कोणी उपाशी उठणार नाही.

बरगडी मागताना जरा सांभाळा. एक बरगडी हाडासकट पौंड ते दीड पौंडाची भरते, वजनात हाडही धरतात, आणि एकीचीच किंमत चाळीस डॉलरच्या घरात जाऊ शकते. ती दोघा-तिघांत वाटून खायची असते. मागण्याआधी 'साधारण केवढ्याची होईल?' असं विचारायला संकोच करू नका, सगळेच विचारतात.

ब्रिस्केट नुसतं मागितलंत तर अनेक ठिकाणी लीन देतात, काही ठिकाणी फॅटी. म्हणून दोन्ही नावं घेऊन मागा. तुकड्याच्या टोकाची, दोन बाजूंनी बार्क असलेली चकती हवी असेल तर 'एंड पीस' म्हणा. नवा तुकडा कापायला घेतलेला असेल तर बहुतेक जण देतात. कापणाऱ्याने चाखायला लहानसा तुकडा पुढे केला तर तिथेच खा, तो सगळ्यात ताजा घास असतो.

सॉस, कांदा, लोणच्याच्या काकड्या आणि पांढरा ब्रेड बहुधा फुकट आणि बाजूला ठेवलेला असतो. सॉस ताटाच्या कोपऱ्यात घ्या, मांसावर ओतू नका.

पहिला घास लीनचा

नवख्यांना सगळे फॅटी खायला सांगतात, कारण त्यात रस भरपूर असतो. खायला आम्हालाही तेच आवडतं. पण दुकान पारखायचं असेल तर लीन खा. पॉइंटमधली चरबी बऱ्याच चुका पोटात घालते. फ्लॅटमध्ये ती नसते, त्यामुळे आग, वेळ, विसावा आणि सुरी यांपैकी काहीही चुकलं की लीनमध्ये लगेच दिसतं. ज्या दुकानाचं लीन रसाळ, त्याचं बाकी सगळं चांगलं निघतं.

लीनची चकती मधोमध बोटावर अडकवा. ती दोन्ही बाजूंनी वाकून लोंबकळली पाहिजे, पण स्वतःच्या भाराने तुटता कामा नये. मग दोन टोकं धरून हलकेच ओढा: थोडा विरोध करून ती अलगद सुटावी. रबरासारखी ताणली गेली तर मांस कमी शिजलंय. इथे नवखे हमखास गोंधळतात आणि चिवट म्हणजे जास्त शिजलं असं समजतात. खरं तर उलट आहे, कोलॅजन विरघळायला वेळच मिळाला नाही म्हणून ते चिवट. जास्त शिजलेलं मांस उचलतानाच चुरा होतं.

फॅटी चकतीतली चरबी पिवळसर, पारदर्शक आणि जिभेवर विरघळणारी हवी. पांढरी, घट्ट, चघळावी लागणारी चरबी म्हणजे तापमान फार लवकर चढलं आणि चरबी वितळायच्या आत तुकडा काढला.

कडेच्या गुलाबी पट्टीचं, स्मोक रिंगचं, फार कौतुक करतात. लाकूड जळताना निघणारे वायू मांसातल्या लाल रंगद्रव्याशी जुळून ती पट्टी तयार होते, आणि तीही मांस सुरुवातीला थंड असतानाच. तिचा चवीशी संबंध नाही. मांस खारवण्याचं खास (नायट्राइटचं) मीठ लावूनही ती आणता येते. चकती आरपार गुलाबी आणि चवीला हॅमसारखी लागली तर तोच प्रकार असावा.

बाकी दोष झटपट ओळखता येतात. मांस मऊ पण रश्शात शिजवल्यासारखं, बार्क ओला: फॉइलमध्ये लवकर गुंडाळलं किंवा वाफेवर गरम केलं. घशाशी कडवटपणा रेंगाळतो, पाणी पिऊनही जात नाही: धूर खराब होता. बाहेर खारट, आत अळणी: मीठ ऐन वेळी लावलं. चव चांगली पण कोमट: कापून ठेवलं होतं, आणि यात पिटवाल्याचा दोष नाही. अशा दुकानाला दुसऱ्या दिवशी लवकरच्या वेळी आणखी एक संधी द्या. एकच वाईट तुकडा कुठेही निघू शकतो, जनावरागणिक मांस बदलतं.

सॉसेज कडक कातडीचं, दातांखाली कट्कन तुटणारं आणि आत भरड हवं. आतून पीठूळ लागलं तर ते बाहेरून आणलेलं असण्याची शक्यता आहे.

घोळक्यात पोर्क किंवा बीफ न खाणारे असतील तर

मराठी मित्रमंडळींत हे नेहमीचंच, म्हणून आधी माहीत असलेलं बरं. बीफ सॉसेज म्हणून मिळणाऱ्यातही अनेकदा पोर्क मिसळलेलं असतं, किंवा आतडं डुकराचं असतं. विचारल्याशिवाय घेऊ नका. टर्कीची छाती बहुतेक ठिकाणी मिळते आणि चांगली असते, पण ती त्याच फळीवर, त्याच सुरीने कापतात. वेगळी सुरी वापराल का म्हणून विचारलं तर कमी गर्दीत ऐकतात. पिंटो बीन्स शाकाहारी समजू नका, त्यात बेकन किंवा ब्रिस्केटचे तुकडे जवळपास नेहमीच असतात. पालेभाजी मिळाली तर तीही सहसा पोर्क घालूनच शिजवलेली असते. कोलस्लॉ आणि मॅक अँड चीज त्यातल्या त्यात सुरक्षित, पण बटाट्याच्या सॅलडमध्ये सहसा अंडं असतं आणि कधी बेकनही. काटेकोर शाकाहारी माणसाने घरून जेवून यावं. हलाल हवं असेल तर ह्यूस्टन आणि डॅलसच्या परिसरात हलाल मांस वापरणारी स्मोकहाउस आहेत, तिथे पोर्कचाही प्रश्न सुटतो.

उरलेलं घरी नेताना

मुद्दाम घरी न्यायचं असेल तर न कापलेला तुकडा मागा, कापलेलं मांस गाडीतच वाळतं. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि हवा ९० फॅरनहाइटच्या वर असेल, म्हणजे टेक्सासचा जवळपास अख्खा उन्हाळा, तर एकच तास. लांबचा प्रवास असेल तर गाडीत कूलर आणि बर्फ ठेवूनच निघा. फ्रिजमध्ये ते तीन-चार दिवस टिकतं.

मायक्रोवेव्हमध्ये चरबी आधी तापते, लीन भाग चामड्यासारखा होतो आणि घरभर शिळा धुराचा वास सुटतो. त्यापेक्षा तुकडा चमचाभर पाणी शिंपडून फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा आणि २५० फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये ठेवा. पौंडभराच्या तुकड्याला पाऊण ते एक तास लागतो. आत १६५ फॅरनहाइट झालं की काढा आणि मगच कापा. चकत्याच उरल्या असतील तर त्या बंद होणाऱ्या जाड पिशवीत घालून, हवा काढून, उकळी येण्याआधीच्या गरम पाण्यात पंधरा मिनिटं सोडा. चुरा आणि कडेचे काळे तुकडे टाकू नका. कांदा आणि हिरवी मिरची तेल न घालता तव्यावर टाका, ब्रिस्केटच्याच चरबीत परता, शेवटी लिंबू पिळा आणि गरम पोळीत गुंडाळून खा. मीठ घालू नका, आधीच पुरेसं असतं.